बीजींनी पाठ केलेला कागद

पंजाबातल्या नकोदरच्या बस अड्ड्यामागे, मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत मी इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे येतात ती बहुतेक व्हिसाच्या मागे लागलेली पोरं. गुरमेज कौर बासष्टाव्या वर्षी आल्या, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी खवचटपणे विचारलंच, "बीजी, तुमची स्वारी कुठल्या देशाला?"

"नातवाच्या कानापर्यंत. तेवढंच पोचव मला, पुत्तर."

त्यांची एकुलती एक मुलगी किरणजोत तीन वर्षांपूर्वी विलायतेत वारली. तिचा अर्जन आता सहा वर्षांचा. त्याला पंजाबीचा गंध नाही. किरणजोत लहानपणी कशी होती, प्रत्येक वासराला नाव कशी ठेवायची, हे बीजींना त्याला सांगायचं होतं.

"मास्टरजी, आधी कालचं बोलायला शिकवा. माझ्या पोरीचं सगळं कालचंच आहे."

"आधी आजचं, बीजी. भूतकाळ बैसाखीनंतर." माझा अभ्यासक्रम म्हणजे दगडावरची रेघ! आज त्या रेघेची मला लाज वाटते.

बीजी शब्दांच्या चिठ्ठ्या बाकावर ओळीने लावायच्या. क्रियापद मध्ये आणायचं म्हटलं की वैतागायच्या. "पिते आधी न् चहा मागून? या गोऱ्यांचं सगळंच उलटं!" वर्ग खो खो हसायचा.

तोंडी परीक्षेसाठी माझा एक कागद होता. तो सगळ्यांनी घोकायचा, फक्त नाती आणि नावं आपापली घालायची. 'माझ्या मुलीचं नाव अमुक. ती छान आहे. ती माझ्याजवळ राहते, मला चहा करून देते.' आणि प्रश्न कळला नाही तर हसून 'येस, येस, थँक यू' म्हणायचं. या कागदावर निम्मी गल्ली विलायतेला पोचली होती. बीजींनाही मी तोच दिला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, वर्ग चालू असतानाच जावयाचा फोन आला. पडद्यावर अर्जन. बीजी जुळवलेलं सगळं विसरल्या, आणि तोंडातून घडाघडा बाहेर पडला तो माझा कागद. किरणजोत छान आहे. माझ्याजवळ राहते.

पोरगं खुर्चीवरून उठलंच. "मम्मी तिथे आहे?"

"येस, येस."

"माझ्या वाढदिवसाला येईल?"

"येस. थँक यू."

मी फळ्यापासून धावलो, पण अर्जन "डॅडी!" ओरडत पळाला होता आणि फोन बंद झाला होता.

बीजींचा चेहरा नुसता फुलला होता. "बघितलंत? एकदाही अडले नाही! काय विचारत होता हो?"

मी सांगितलं. मान वर करून सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांनी बाकावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. संध्याकाळी जावयाचा निरोप आला. मम्मी लांब गेलीय, एवढंच त्याने पोराला सांगून ठेवलं होतं. आता पोरगं दारातून हलत नव्हतं. तुम्ही सांगितलंत, तुम्हीच निस्तरा.

"मी सांगतो त्याला, बीजी. चूक माझी आहे," मी म्हणालो.

"खोटं माझ्या तोंडून गेलंय. तुम्ही फक्त कालचं ते एक वाक्य शिकवा."

बैसाखीला अजून दोन महिने होते. मी शिकवलं. अकरा दिवस त्या रोज यायच्या, त्याच चिठ्ठ्या लावायच्या, मोडायच्या, पुन्हा लावायच्या. आता वर्गात कोणी हसत नव्हतं.

वाढदिवसाला अर्जनने स्वतःच फोन लावला. डोक्यावर कागदाची टोपी होती.

"नानी, मम्मी निघाली का?"

प्रश्न त्यांना कळला. माझ्याकडे वळून न बघता त्यांनी उत्तर दिलं, सावकाश, एकही शब्द न चुकता: तुझी मम्मी तीन वर्षांपूर्वी वारली, बाळा.

पोराने टोपी काढली आणि काहीतरी विचारलं. ते मात्र बीजींना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तो विचारत होता, "मग तू येस का म्हणालीस?"