घर मंडळीचं होतं

टेम्पो दारात उभा होता आणि आई आत वरणाला फोडणी घालत होती. आमच्यासाठी नाही. चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, दुपारच्या गाडीनं बायकोलेकरांसह पुलगावला उतरून आमच्या गावी, आम्ही रिकाम्या केलेल्या पाळकगृहात राहायला येणार होते. त्यांच्यासाठी. आधीचे पाळक माझे बाबा; त्यांना जाऊन चार महिने होत होते. सामान चढवता चढवता माझं डोकं भणभणत होतं. शेवटी मी आत जाऊन आईला म्हणाले, की आपल्याला घराबाहेर निघावं लागतंय आणि तू त्यांना जेवू घालतेस. तिनं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं.

"लेकरं लांबून येऊन राह्यली. त्यायचा काय दोष?"

हा रिवाज तुमच्यातल्या पाळकांच्या पोराबाळांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. पाळकाची बदली झाली की जाणाऱ्या पाळकीणबाईनं घर धुवायचं, पाणी भरायचं आणि येणाऱ्यांचं पहिलं जेवण तयार ठेवून निघायचं. लहानपणी आम्ही तीनदा असे निघालो आणि तीनदा दुसऱ्या कुणाच्या हातचं आयतं जेवलो. पण तेव्हा पुढच्या गावी एक घर आमची वाट बघत असायचं. या वेळी नव्हतं.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. रविवारी पुढच्या खोलीत संडे स्कूल भरायचं, प्रभुभोजनाची भाकर आमच्याच स्वयंपाकघरात कापली जायची, आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, कोणीही, केव्हाही, दार न वाजवता आत यायचं. छपरावरचे कवेलू बदलायचे असोत की परसात कोंबड्यांचं खुराडं बांधायचं असो, मंडळीचे पंच बैठकीला बसल्याशिवाय काही हलायचं नाही. मी कुरकुरले की बाबा, पुलपिटावरून उपदेश करताना एकदम शुद्ध बोलणारे, घरच्या भाषेत म्हणायचे, "घर मंडळीचं हाये बेटा. आपुन पाव्हणे."

मंडळी वाईट नव्हती. पंचांनी आम्हाला नियमापेक्षा महिनाभर जास्त राहू दिलं आणि निरोप देताना त्यांचेही डोळे भरून आले. पण पाहुण्यांना कधीतरी निघावंच लागतं, हे बाबांनी जन्मभर सांगितलं आणि त्या दिवसाची सोय मात्र केली नाही. त्यांच्यावर माझा जीव होता, तरी याचा राग मला अजून येतो.

आईला बोरगाव मेघेत भाड्याच्या खोलीत ठेवून मी नर्सच्या नोकरीसाठी पुण्याला आले. गाडीतच ठरवलं होतं, की आईला पुन्हा कुणी निघा म्हणू शकणार नाही अशी जागा करायची, मग काहीही होवो. हॉस्टेलवर राहिले. दुसऱ्यांच्या सुट्ट्यांमधल्या ड्युट्या मागून घेतल्या. पाळकाची पोर असून सात नाताळ वॉर्डात काढले. आई फोनवर कॅरोल पार्टी येऊन गेल्याचं सांगायची, काऊन येत नाई असं एकदाही विचारायची नाही. सात वर्षांनी शहराच्या पार टोकाला एक वन बीएचके झाला आणि मी तिला घेऊन आले.

पेंटरनं तिला विचारलं, भिंतींना रंग कुठला लावू? आई सवयीनं म्हणून गेली, की पंचांना विचारून सांगते. तो माझ्याकडे बघायला लागला. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

"आई, इथं तूच पंच," मी म्हणाले.

ती पेंटरचं रंगांचं कार्ड घेऊन खिडकीपाशी गेली. मग तिनं पिवळा सांगितला. चांगला ठसठशीत पिवळा, बाल्कनीला बाहेरूनसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बाहेरचा रंग बदलायला कमिटीची परवानगी लागते आणि ती मिळणार नाही, असं त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याचसाठी का केला एवढा अट्टाहास? मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि दार लावून घेतल्यावर मला विचारलं,

"हे लोक आपल्याले कधी निघा म्हणतीन काय?"

"नाई. कोणीच नाई म्हणू शकत."

"मंग असू दे पंच," आई म्हणाली आणि पेंटरला हाक मारून आतली पहिली भिंत दाखवायला गेली.