चुलीपुढची कुस्ती

नरसिंग पैलवानाला राग आला की आधी त्याचे कान लाल व्हायचे, मग समोरच्याचे. कंधारच्या एका खाजगी शाळेत तो खेळाचा मास्तर होता. तरणा असताना त्यानं जत्रांचे आखाडे गाजवले, अन् खोटं कशाला बोलावं, आखाड्याबाहेरही दोघातिघांची हाडं मोडली. मागं एका पालकाच्या कानफटात वाजवली, तेव्हा संस्थेच्या चेअरमननं तोंडावर बजावलं होतं, पुन्हा हात उचलला तर नोकरी गेली म्हणून समज.

असला माणूस पोरांना स्वयंपाक शिकवतो, हे ऐकून लोक हसायचे. हसू द्या! झालं होतं असं की शर्यतीत एक पोरगं भोवळ येऊन पडलं. त्याच्या पोटात सकाळपासून चिप्सच्या एका पाकिटाशिवाय काही नव्हतं. पैलवानाचं डोकं सणकलं. फाटकाबाहेरच्या टपरीवरच्या पाकिटांच्या माळा त्यानं तोडून नालीत फेकल्या, टपरीवाल्याची गचांडी धरली. डोकं थंड झाल्यावर मात्र त्याला तालीम आठवली. तालमीत नव्या पोराला डाव नंतर शिकवतात, आधी पीठ मळायला लावतात. स्वतःचा खुराक करता येत नाही त्यानं लंगोट लावू नये, असा तिथला कायदा.

तेव्हापासून दर शनिवारी शाळेमागं स्वयंपाकाची कुस्ती लागायची. दोन जोड्या, दोन चुली, सामान सारखंच. ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, तांदुळजाची भाजी, मूठभर शेंगदाणे अन् तेल फक्त एक चमचा. शिट्टी वाजली की सुटायचं. अर्ध्या तासात पोट भरंल अन् अंगी लागंल असं ताट पुढं ठेवायचं, हरलेल्यांनी भांडी घासायची. पोरं अशी चेकाळायची की विचारू नका. एकमेकांची लाकडं ओढायची, कांद्यावरून झोंबायची, एकदा तर दोघांनी पळीनं एकमेकांची टाळकी फोडली. पैलवान दोघांच्या मानगुटी धरून ओरडायचा, "हात पिठावर चालवा, मुडद्यांनो! अन् ए, भाजीचं पाणी ओतलंस? समदी ताकद नालीत घातलीस की रे! आता नालीला खेळवू का कुस्ती?"

सातवीतली वर्षाराणी एकदाही हरली नव्हती. बोलायची नाही, हसायची नाही, नुसते हात चालायचे. भाकरी थापता थापता डाळीखालचा जाळ ओढायची. पैलवानाला तिचं कोण कौतुक! बाकीचे मास्तर म्हणायचे, पोरीची जात हाय, आईनं शिकवलं असंल. पुढं कोणी विचारलं नाही. त्यानंही नाही.

एका शनिवारी तिनं अर्धा तास व्हायच्या लई आधीच ताट मांडलं. पैलवान खूश झाला अन् शाबासकी द्यायला त्यानं मागून हात उचलला. पोरीनं सावली बघितली मात्र, दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती जमिनीला चिकटली. "बापू, झालं! आईला मारू नका, वाढून राहिले!" तवा कलंडून पोटरीला चटका बसला, तो तिला कळलासुद्धा नाही.

पैलवानानं तिच्या पायावर पाणी ओतलं. बराच वेळ ओतत राहिला. मग पोरीनं खाली बघत सांगितलं की बापू जेवायला बसले अन् ताट तयार नसलं की आईला मार बसतो. "मी भरभर केलं की कमी बसतो, सर."

कमी बसतो! ऐकताय ना?

तिचा बाप अमरेश नांदेड रोडला जीप चालवायचा. संध्याकाळी पैलवान त्याच्या दारात पोचला तेव्हा आत ताट भिंतीवर आदळलं होतं, वरण खाली ओघळत होतं अन् अमरेशच्या मुठीत बायकोचे केस होते. तिचं नाव मंजुश्री. चेअरमन, नोकरी, काही काही आठवलं नाही पैलवानाला. त्यानं अमरेशला कमरेला धरून अंगणात आणला अन् धोबीपछाड मारला. धाडकन! अख्खी गल्ली बघायला जमली. अमरेश मातीत तोंड खुपसून कण्हत होता. पैलवानानं हात झटकले, छाती काढून घरी गेला अन् घोरत झोपला.

सोमवारी वर्षाराणी शाळेत नव्हती. ती सरकारी दवाखान्यात आईच्या खाटेशी बसलेली सापडली. मंजुश्रीचा हात गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. चुलीच्या फुकणीनं मारलं होतं.

"सर, तुम्ही त्याला एकदा आपटलं," मंजुश्री म्हणाली. "ते समद्या गल्लीनं बघितलं. तुम्ही गेल्यावर त्यानं त्याची भरपाई माझ्याकडून घेतली."

 एवढा आडदांड पैलवान, पण खाटेचा गज धरून उभा राहिला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. "ताई, काय करू सांगा," तो म्हणाला.

"मारू नका कोणाला. चौकीत चला अन् बघितलेलं सांगा. गल्लीतलं कोणी यायला तयार न्हाई."

ठाण्यातला जमादार ओळखीचा निघाला. तो हळूच म्हणाला, "पैलवान, तुम्ही आपटल्याचं सोडून बाकीचं सांगा की. नोकरी जाईल उगं."

"समदं लिहा," पैलवान म्हणाला. "अर्धं लपवलं अन् उद्या उघडं पडलं तर तो वकील लावून सुटंल."

अमरेशला उचलला. पैलवानावरही गुन्हा लागला अन् संस्थेनं त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं. चेअरमननं शब्द पाळला म्हणायचा.

दवाखान्यातून सुटल्यावर मायलेकींना घरी पोचवायला तोच गेला. मंजुश्रीला उजवा हात हलवता येत नव्हता म्हणून पीठ त्यानं मळलं, अन् वर्षाराणी चुलीपुढं बसली. घरात कोणी ओरडणारं नव्हतं. पोरीला काय वाटलं कोण जाणे, ती जाळाकडं बघतच राहिली अन् भाकरी करपली. धूर झाला तशी ती दचकली. भाकरी काढायचं सोडून आधी तिनं दाराकडं बघितलं, मग पैलवानाच्या हातांकडं. पैलवानानं हात पाठीमागं घेतले.

मंजुश्रीनं डाव्या हातानं ती भाकरी तव्यावरून ओढली, करपलेल्या बाजूचाच तुकडा मोडला अन् चटणीला लावून खाल्ला. "बस इथं," ती म्हणाली, "तूबी खा."

वर्षाराणी आईच्या मांडीवर पडून मोठमोठ्यानं रडायला लागली.