दादाचा हात आणि गार हीटर

माझा दादा गाड्या दुरुस्त करतो आणि माणसांशी बोलणं टाळतो. गाडी आली की बॉनेट उघडायचं, हात आत घालायचा आणि तिथूनच निकाल द्यायचा. काटा अमुक दाखवतोय असं कुणी म्हणालं की त्याचं डोकं फिरतं. "काट्याला काय विचारतोस? मी हात लावलाय ना?" त्याच्या हाताला गुण आहे असं अख्खी गल्ली म्हणते. मीही म्हणते, पण त्याच्या तोंडावर नाही. आधीच काय कमी चढून बसलाय!

मी टॅक्सी चालवते. त्या आठवड्यात गाडीच्या हीटरने दगा दिला. पंखा घोंघावायचा, पण वारा गारढोण. गिऱ्हाइकं कुरकुरायची, ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण आईला एक दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागतं, आणि उपचार झाले की तिला अशी थंडी भरते की दोन शालींनीही जात नाही. मला तर ती गाडी बघितली तरी थकवा यायला लागला होता.

दादाने कूलंट, म्हणजे इंजिनातलं पाणी, पाहिलं. ते काठोकाठ होतं. मग इंजिन चालू ठेवून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप त्याने मुठीत धरले.

"दोन्ही गार. थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, इंजिन तापतच नाहीये."

"अरे, पण तापमानाचा काटा मध्यावर आहे..."

"ठमे, तू गाडी चालव. दुरुस्त मी करतो."

झालं. थर्मोस्टॅट बदलला, पण वारा गारच. दवाखान्यातून परतताना आई दातावर दात वाजवत बसली होती आणि मी दादाला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होते.

पुढच्या फेरीला वेळेच्या बरंच आधी निघून गाडी थेट गॅरेजात घातली. आई मागच्या सीटवर शाल लपेटून बसून राहिली. दादाने पुन्हा पाइप धरले. पकड बदलून पाहिली. "गारच आहेत," म्हणाला, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

मला राहवलं नाही. मीही हात आत घातला आणि ओरडलेच. एक पाइप गार होता, पण दुसऱ्याने चांगला चटका दिला. दादा अजून तोच पाइप धरून उभा होता.

मी त्याचं मनगट ओढून हात बाहेर काढला. तळवा लालबुंद, आणि बोटांवर परवाचा फोड. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला सांगू नकोस." मग जरा वेळाने, "एक गरम, एक गार?"

"हो."

"मग थर्मोस्टॅट नव्हताच. हीटरमध्ये गाळ बसलाय. गरम पाणी आतून फिरतच नाहीये."

इंजिन निवेपर्यंत तो कोपऱ्यात उगाच पान्हे पुसत बसला. मग पाइप सोडवून आत पाण्याची धार मारली. तांबूस चिखल निघाला, निघतच राहिला. सगळं जोडून, नवं कूलंट भरून त्याने गाडी सुरू केली आणि हीटरच्या जाळीसमोर हात धरला. थोड्या वेळाने मागे वळला.

"आई, येतंय का गं गरम?"

"हात तूच धरलायस आणि विचारतोस मला?"

आई पुढे वाकली. तिने त्याचा हात हातात घेतला, फोड पाहिला, आणि मी इतका वेळ जे विचारलं नव्हतं ते तिनेच विचारून टाकलं. "कधीपासून रे हात बधिर?"

"मागच्या थंडीपासून. लोकांना कळलं तर गाड्या कोण आणेल माझ्याकडे?"

"दार लाव आणि बस," आई म्हणाली. "दवाखान्यात चाललोच आहोत."

"गॅरेज उघडं..."

"कुलूप आहे ना?"

एवढा थोराड माणूस, मुकाट्याने कुलूप लावून तेलकट कपड्यांनिशी माझ्या शेजारी येऊन बसला. वाटभर त्याने जाळीसमोरचा हात काढला नाही. सिग्नलला गाडी थांबली की हळूच विचारायचा, "चालू आहे ना?"

"चालू आहे, दादा," मी म्हणायचे.