झाकणावर बसलेल्या सरोजम्मा

मंडळी, खीर टिकली! नुसती टिकली नाही, दात शिरशिरतील इतकी गार राहिली!

आज बुद्धपौर्णिमा. यंदा विहारात वाटायची खीर आमच्याकडे होती. सकाळीच मोठं पातेलं भरून केली आणि नेमकी लाईट गेली. काचीगुड्यातला हा उन्हाळा, त्यात फ्रिज बंद. संध्याकाळपर्यंत खीर नासणारच होती.

शेजारच्या सरोजम्मा आपला सहलीचा आईसबॉक्स घेऊन धावत आल्या. मी ऑटोतून बर्फाची लादी आणली, फोडली आणि खिरीचे डबे त्यात पुरले.

पण आमच्या सासूबाई! बर्फ वितळला का, हे बघायला सारखं झाकण उघडायच्या.

"अम्मा, नक्को खोलो! गर्मी अंदर जाती!" सरोजम्मा ओरडल्या.

तरी सासूबाईंचा हात झाकणाकडे गेलाच. मग काय, सरोजम्मा सरळ झाकणावरच बसल्या. तिथंच जेवल्या, तिथंच फोनवर बोलल्या, तिथंच डुलकीही काढली!

विहारात सगळे विचारत होते, "तुमच्याकडे जनरेटर आहे का?" मी सरोजम्मांकडे बोट दाखवलं.

आता राज्याची वाटणी होतेय; आंध्र वेगळं, आमचं शहर वेगळ्या राज्यात. सरोजम्मांचं ऑफिस आंध्रात जाणार म्हणतात. घरी परतताना सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "तू गेलीस तर पुढच्या पौर्णिमेला मला कोण अडवणार गं?"



मंडळी, तुमच्याही झाकणावर बसणारं कोणी चाललंय का हो?