लाल न झालेली नळी

लॅबमधून घरी आले की आई मला आधी मोरीत पिटाळायची. पुरुषांचं 'ते' तपासणारी मुलगी ही तिच्या लेखी शेजारणींपासून लपवायची गोष्ट होती. मला मात्र त्या कामाची किळस कधी वाटली नाही. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. वीर्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते. रसायन घालून नळी उकळत्या पाण्यात धरली की ती लालसर होते. नाही झाली आणि शुक्राणूही दिसले नाहीत, तर पुरुषाच्या आतल्या वाटा बंद आहेत किंवा जन्मापासूनच नाहीत असं समजायचं.

नमुना लॅबच्याच बाथरूममध्ये द्यायचा असा नियम होता. 'चांगल्या घरच्यां'साठी आमचे डॉक्टर तो खुशाल मोडायचे. मग बाटली घरून यायची, आणि बहुतेक वेळा ती सासूच्या पिशवीतून यायची.

एक कोकणातलं कुटुंब आलं होतं. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. नवऱ्याने पहिला नमुना आमच्याकडेच दिला. जेमतेम काही थेंब, त्यात शुक्राणू एकही नाही. नळी लाल झाली नाही. मी पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.

आठवड्याने सासू नवी बाटली घेऊन हजर. मागे सून. या वेळी नमुना भरपूर होता, शुक्राणू वळवळत होते आणि नळी लालभडक. कुणाला फसवताय, असं वाटून माझं डोकंच फिरलं. सासूला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, हे त्याच माणसाचं नाहीये."

बाई जराही ओशाळली नाही. काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "थोरल्याचा काय नि धाकट्याचा काय, रगत एकच मा गो? हिच्या बापाशीक कागद दाखवूचो आसा. मगे तो घेवन जायत आपल्या चेडवाक."

धाकट्या दिराच्या नमुन्याच्या जिवावर सुनेला वांझ ठरवून माहेरी हाकलायचं, आणि वर रक्ताच्या गोष्टी!

डॉक्टर चहात खारी बुडवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "बाटलीवर नाव कोणाचं आहे? झालं तर मग. आपण बाटली तपासतो, लोकांची घरं नाही." पहिला रिपोर्ट त्यांनी फाडला, बोटं रुमालाला पुसली आणि दुसरी खारी उचलली.

नवा रिपोर्ट मी टाइप केला. नोकरी गेली असती, वगैरे सबबी मी स्वतःला खूप सांगितल्या. आजही माझ्या त्या हातांची मला शिसारी येते.

सासू सही घ्यायला आत गेली, तेव्हा सून बाकावरून उठून माझ्याजवळ आली. "ताई, ह्यांचं सगळं नीट आहे ना?"

"रिपोर्ट चांगला आहे," मी म्हणाले.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ह्यांच्यात काही निघालं असतं, तर ह्यांना सोसलं नसतं हो."