जेवलात का, साहेब?

परवा माहेरी गेले होते. ओट्याशेजारी आईचा फोन वाजू लागला. तिने पदराला हात पुसले, फोनकडे पाहिलं आणि तो वाजून थांबेपर्यंत नुसती उभी राहिली.

पूर्वी फोन कुणाचाही असो, आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलास का?" काही महिन्यांपूर्वी एका दुपारी इन्कम टॅक्सचा साहेब म्हणून जो बोलत होता, त्यालाही तिने तो विचारला, फक्त शेवटी. बाबांच्या मागे त्यांचा टॅक्स थकलाय, आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील, असं तो दरडावत होता. आईने घाबरत घाबरत पैसे पाठवले. मग म्हणाली, "दुपार कलली साहेब, जेवलात का तुम्ही?"

त्याचा आवाज एकदम खाली आला, असं आई सांगते. मग "नाही अजून, मावशी," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याच्या दरडावण्यापेक्षा मला ते 'मावशी'च जास्त लागलं. त्याच्याही घरी कुणी ताट झाकून वाट बघत असेलच की! मेल्याच्या घशाखाली घास उतरला तरी कसा?

आता मी फोन केला, की स्क्रीनवर माझं नाव दिसत असूनही आई विचारते, "कोण? आजोळच्या म्हशीचं नाव सांग आधी."

"चंद्री."

"बरं," ती म्हणते आणि गप्प बसते.

मी थोडा वेळ वाट पाहते. मग न विचारताच सांगते, "आई, मी जेवले गं."