चार तारांचा सेन्सर

आमचे हे गेल्यावरही त्यांची जुनी गाडी मी विकली नाही. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली. मला चालवायला शिकवलं तेही त्यांनीच. गेल्या उन्हाळ्यात स्टिअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. गाडी पेट्रोलही जास्त खाऊ लागली.

आमचे उंब्रजचे मिस्त्री गाडीखाली शिरले आणि बोटाएवढा काळपट नग काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"वहिनी, ह्यो ऑक्सिजन सेन्सर. धूर हुंगून इंजिनाला सांगतो, पेट्रोल किती घ्यायचं त्ये. जुन्या गाडीचा हितं मिळायचा न्हाई. साताऱ्यात बघा. पण अगदी असलाच पायजे."

बसनं साताऱ्याला गेले. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "पुढचा का मागचा?"

मला ठाऊक नव्हतं. फोन काढला आणि सवयीनं बोट ह्यांच्याच नंबरावर गेलं. मग मिस्त्रींना लावला. "पुढचा, चार तारांचा," ते म्हणाले. दुकानदारानं दाखवला. आटे जुळत होते, प्लग वेगळा होता.

"तारा कापून जोडा की," तो म्हणाला.

"आजाबात नगं!" मिस्त्री फोनवरच ओरडले. "जोड टिकत न्हाई."

दुसऱ्या दुकानात तर नुसती मान हलवली. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जुना सेन्सर पुसून भिंगातून नंबर वाचला, पुस्तकात शोधला, तसाच नवा काढून दोन्ही प्लग शेजारी धरून दाखवले, तारेची लांबीसुद्धा वितीनं मोजली.

"तुमी एकट्याच आलाय?"

"व्हय," मी म्हणाले आणि पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी सेन्सर बसला, दिवा विझला. "आता कुटंबी जावा बिनघोर," मिस्त्री म्हणाले. मी हमरस्त्याला लागले खरी, पण जायचं कुणाकडं? लेक लांब, ती दिवाळीला येते. थोडं पुढं जाऊन वळून घरी आले. कुलूप काढताना जाणवलं, दोन दिवसांत आपण जेवढं बोललो तेवढं कैक महिन्यांत बोललो नव्हतो.

आठवड्यानं पुन्हा मिस्त्रींकडं गेले. "जरा हवा बघता का?"

त्यांनी चारी चाकं तपासली. "हवा बराबर हाय."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हात पुसले, स्टूल पुढं ओढलं.

"बसा वहिनी, च्या सांगतो. सायेब बी आसंच यायचे, कायबी काम नसताना."

ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी बसले.